मिसेस हॉलिसच्या बागेतले वर्दे

डॉक्टर खांबेट्यांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते तो आधी खिडकीच्या उजेडावर धरतात. लग्नाची पत्रिका असो, गॅसचं बिल असो, कौन्सिलची नोटीस असो. एक डोळा बारीक करायचा, मान थोडी डावीकडे कलती करायची, कागद उजेडात धरायचा आणि "हं" म्हणायचं. आयुष्यभर त्यांनी इथल्या हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट म्हणून एक्सरे वाचले. निवृत्तीनंतर एक्सरे यायचे थांबले, पण हात अजून आपला आपण वर जातो.

आम्ही पुण्याहून लंडनच्या कडेच्या हॅरोला आलो त्याच वर्षी आमच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे निमंत्रणपत्र घरच्या प्रिंटरवर मोठ्या हौसेनं छापलं होतं. आमच्या भागातल्या मराठी घरांचं एक छोटं मंडळ आहे. त्यातले सर्वांत ज्येष्ठ म्हणून पहिलं पत्र आम्ही खांबेटेकाकांना नेऊन दिलं. त्यांनी ते खिडकीशी धरलं, "हं" म्हणाले आणि खिशातून लाल पेन काढलं.

"समीर, 'आशीर्वाद' मधली 'शी' दीर्घ. ऱ्हस्व आशीर्वाद मागितलास तर पोरीला ऱ्हस्वच मिळेल."

मग त्यांनी अख्खं पत्र तपासून मला परत दिलं, त्यामुळे त्यांच्याकडे काही उरलंच नाही आणि वाढदिवसाचा पत्ता विचारायला त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करावा लागला. वाढदिवसाला मात्र ते वेळेवर आले. एक वर्षाच्या मुलीला त्यांनी मराठी शब्दकोश भेट दिला. तिनं तो चावून बघितला.

"माणूस चांगला आहे," माझी बायको मुग्धा रात्री भांडी आवरताना म्हणाली, "पण माझं 'श्रीखंडाची वाटी घ्या ना' त्यांनी दोनदा दुरुस्त केलं. वाटी श्रीखंडाची नसते म्हणे, स्टीलची असते."

दुरुस्ती हा काकांचा श्वास होता. मंडळाच्या गणपतीची सूचना, देशी दुकानातल्या भाज्यांच्या पाट्या, इंग्रज शेजाऱ्यांचे ॲपॉस्ट्रॉफी, कशातूनही कुणी सुटायचं नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांच्या शोकसभेत वक्ते गहिवरून म्हणाले, "ऐंशी वर्षांचं कृतार्थ आयुष्य..." आणि मागच्या रांगेतून शांत आवाज आला, "एकोणऐंशी." कुणी रागावलं तर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी रिपोर्ट देतो, मत देत नाही. चुकला असेल तर दाखवा." आजवर कुणाला दाखवता आला नव्हता, ही त्यातली मुख्य अडचण.

काकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगी केतकी ग्लासगोला डेंटिस्ट आहे. ती इथेच जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत लिंगभेद जवळजवळ नाही. एकदा मी काकांकडे बसलेलो असताना तिचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बाबा, तुझा तब्येत कसा आहे?"

"कशी. तब्येत ती."

"ओके, कशी आहे? मी आज भात केली."

"केला."

"हां, केला. पण करपली."

"करपला. भात तो. भात तो राहणार, तू कितीही करपवलास तरी."

त्या फोनमध्ये तब्येतीची बातमी शेवटपर्यंत निघालीच नाही. पुढे केतकी इंग्रजीत बोलायला लागली. इंग्रजी तिचं बिनचूक होतं, त्यामुळे काकांना बोलायला फारसं काही राहिलं नाही आणि फोन आखूड होत गेले.

अशा माणसाच्या आयुष्यात एक फ्रेंच चित्रकार आला, तो केमिस्टनं फुकट दिलेल्या कॅलेंडरातून.

कॅलेंडरात बारा निसर्गचित्रं होती. अकरा महिने मोठमोठ्या नावांचे, आणि मार्च ओक्ताव वेर्दे नावाच्या कुणा गृहस्थांचा. काकांनी मार्च खिडकीशी धरला. "हं" म्हणाले नाहीत, म्हणून मी वर बघितलं. ते कागद खाली घ्यायलाच तयार नव्हते.

चित्र मलाही दाखवलं. एक ओला रस्ता, कडेला मोडकं लाकडी कुंपण, एक निष्पर्ण झाड, मागे टेकडी आणि टेकडीवर धुक्यात अर्धं बुडालेलं चर्चचं टोक. माणूस एकही नाही. बर्फ वितळून गेल्यावर मागे राहतो तसला पांढुरका निळा रंग सगळीकडे.

"छपाई बिघडली आहे का, काका?"

"छपाई नाही बिघडलेली. हवा तशी आहे. बाहेर बघ."

मी बाहेर बघितलं. हॅरोतली फेब्रुवारी अखेरची दुपार होती. हवा खरोखरच तशी होती.

"मी आयुष्यभर सावल्या बघितल्या," काका म्हणाले, "फुप्फुसातल्या, हाडातल्या. सगळ्या काळ्या नाहीतर करड्या. हा माणूस म्हणतो, सावली काळी नसतेच. या कुंपणाची सावली बघ. जांभळी आहे. आणि त्या जांभळ्याच्या कडेला त्यानं ही एवढीशी पिवळी रेघ ओढली आहे. का ओढली? कारण ढग फाटायला आलेत. चित्रात ढग फाटलेले दाखवलेत का? नाही. पण पाच मिनिटांत फाटणार आहेत. याला म्हणतात रिपोर्ट."

मग त्यांनी बोट चर्चच्या टोकावर ठेवलं. "आणि ही टेकडी आपली आहे. हॅरोची."

त्यांनी वाचून काढलेली माहिती अशी होती. फ्रान्समध्ये लढाई पेटली तेव्हा काही तरुण चित्रकार पळून लंडनला आले. इथलं धुकं, इथले रस्ते त्यांनी रंगवले, लढाई संपल्यावर ते परत गेले आणि जगप्रसिद्ध झाले. त्यांची चित्रं आज पंचांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर असतात. वेर्देही त्यांच्याबरोबर आला, त्यानंही धुकं रंगवलं, तोही परत गेला, आणि पुढे काही झालं नाही. वेर्देला अजून बिस्किटाचा डबा मिळालेला नाही.

मूळ चित्र लंडनच्या एका लहानशा गॅलरीत होतं, ते बघायला काका मला घेऊन गेले. खालच्या पाटीवर नाव होतं, 'लंडनजवळचं दृश्य'.

"लंडनजवळचं!" काका पाटीसमोर उभे राहून म्हणाले. "हा काय पत्ता झाला? एवढ्यावर पोस्टमन पत्र तरी पोचवेल का?"

तिथल्या तिथे ठरलं, पत्ता काका शोधणार. आणि मंडळात दर रविवारी मोकळा असलेला आणि स्वतःची सेकंडहँड गाडी असलेला मी एकटाच निघालो.

मंडळाला नवा विषय मिळाला. फ्रेंच उच्चार कुणाला जमेना, म्हणून वेर्देचं लगेच 'वर्दे' झालं. "काय डॉक्टर, वर्दे काय म्हणतात?" "वर्दे म्हणजे मूळचे कुडाळकडचे का हो?" मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर शेजारच्या स्टॅनमोरला राहायचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि दर वर्षी त्यांची गणपतीची सूचना काकांच्या लाल पेनाखालून जायची. ते यात आघाडीवर होते. काका दर वेळी उच्चार दुरुस्त करायचे आणि दर वेळी सगळे एकसुरात "वर्दे" म्हणायचे.

आमचे रविवार असे जायचे. काका पुढच्या सीटवर, मांडीवर नकाशा, गळ्यात होकायंत्र, हातात मार्च. ते "थांब" म्हणाले की मी डबल यलो लाइनवर, म्हणजे जिथे थांबायला सक्त मनाई तिथेच, गाडी थांबवायची. ते उतरून चित्र डोळ्यांसमोर धरायचे, टेकडीशी ताडून बघायचे आणि "जरा पश्चिमेला" म्हणून परत बसायचे. वेर्दे नेमका कुठे उभा होता या प्रश्नाची आम्हाला एकामागून एक मिळालेली उत्तरं म्हणजे एक सुपरमार्केटचं पार्किंग, एका दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम आणि गोल्फचं मैदान. मैदानावरून आम्हाला अतिशय सभ्य शब्दांत हाकलण्यात आलं.

शेवटी एका रविवारी काका एका बंद गल्लीच्या टोकाला उतरले आणि परत गाडीत बसलेच नाहीत. मग त्यांनी टाय सारखा केला आणि शेवटच्या घराची बेल वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत एक पांढऱ्या केसांची, गुलाबी कार्डिगन घातलेली बाई दिसली.

"नको मला. आहेत त्या खिडक्या चांगल्या आहेत माझ्या."

"मॅडम, आम्ही खिडक्या विकत नाही," काका त्यांच्या हॉस्पिटलातल्या इंग्रजीत म्हणाले. "तुमच्या मागच्या बागेत एक फ्रेंच माणूस उभा होता, असं मानायला मला जागा आहे."

"आत्ता?" बाईंनी दाराआडून काठी उचलली.

"नाही, नाही. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी."

"मग ठीक आहे," त्या सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या आणि साखळी काढली. "मला वाटलं मागचं फाटक उघडं राहिलं. या आत. चहा टाकतेय मी."

या मिसेस हॉलिस. नवरा रॉन बसड्रायव्हर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ऑस्ट्रेलियात. बाग म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी, पालापाचोळ्याचा डबा आणि एक मोडकी शेड. काका मार्च समोर धरून खेकड्यासारखे आडवे आडवे सरकत गेले.

"जरा जपून, लव्ह. तो रूबार्बचा वाफा आहे."

काका वाफ्याच्या कडेला थांबले. दोन घरांच्या धुराड्यांमधून टेकडी दिसत होती आणि तिच्यावर बरोबर चर्चचं टोक.

"इथे कुंपण होतं?"

"होतं ना. जुनाट. रॉननं काढलं."

"आणि झाड? मोठं?"

"आम्ही आलो तेव्हा बुंधा होता एल्मचा. या बाजूचे सगळे एल्म रोगानं गेले."

काकांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तो ठणकत होता. "ऐकलंस?" ते मराठीत म्हणाले. "एल्म!"

त्या दिवशी मिसेस हॉलिसनी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं. चष्मा लावून, चष्मा काढून, हात लांब करून. मग टेकडीकडे बघितलं. "पन्नास वर्षं मी इथे कपडे वाळत घालतेय," त्या म्हणाल्या, "मान वर करून कधी बघितलं नव्हतं."

त्यानंतर रविवारी दुपारी चार वाजता काकांचा चहा तिथे ठरून गेला. आता शोध संपला होता, मी सुटलो असं मला वाटलं होतं. पण काका गाडी चालवत नाहीत आणि रविवारी बसचं काही खरं नसतं, म्हणून मी त्यांना सोडायला आणि आणायला जात राहिलो आणि बहुतेक वेळा चहाबरोबर स्कोन खायला आतच बसलो.

मिसेस हॉलिसना बघायची चटक लागली. मधल्या वारीसुद्धा त्यांचा फोन यायचा. "डॉक्टर, टेकडी जांभळी झाली आहे. येताय, की मी एकटीच बघू?"

"जांभळी नव्हे. मोव्ह," काका म्हणायचे.

"माझ्याकडे जांभळीच म्हणतात."

तिथे काकांचं काही चालायचं नाही. एकदा त्या ढगांकडे बोट दाखवून "देम क्लाउड्स" म्हणाल्या. काकांनी सवयीनं दुरुस्त केलं, "दोज."

"देम, डॉक्टर," त्या केक कापता कापता म्हणाल्या. "माझ्या बागेत देम."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि केकची फोड घेतली. मी हे घरी मुग्धाला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

बातमी पसरली. मिसेस हॉलिसनी ती पोस्टमनला, चर्चच्या पाद्र्याला आणि सकाळी मदतीला येणाऱ्या बाईला सांगितली. वर्षानुवर्षं न बोललेले शेजारी कुंपणावरून डोकावून फ्रेंचमनची चौकशी करायला लागले. घरोघरी फुकट टाकल्या जाणाऱ्या स्थानिक पेपरनं त्यांचा फोटो छापला. वाफ्याशेजारी त्यांनी एक खुर्ची टाकली, तिला सगळे 'फ्रेंचमनची खुर्ची' म्हणायचे. आणि दर मार्चमध्ये तिथे चहापार्टी व्हायला लागली. नऊवारीवर ओव्हरकोट आणि शालीवर मफलर अशा थाटात आमचं मंडळ चिवडा आणि करंज्या घेऊन जायचं, मिसेस हॉलिस स्कोन करायच्या आणि जोगळेकर भाषण करायचे. भाषण झाल्यावर काका त्यातल्या चुका सांगायचे.

हे सगळं मजेत चाललं होतं, पण मिसेस हॉलिसचा मुलगा फोनवर मागे लागला होता. घर विका, म्हाताऱ्या माणसांसाठीच्या फ्लॅटमध्ये जा, तिथे बटण दाबलं की माणूस येतो. आधी त्या कबूल व्हायच्या बेतात होत्या. आता त्या म्हणत होत्या, "तिथे खिडकीतून काय दिसतं? बटण."

मग गॅलरीनं वेर्देच्या चित्रांचं एक छोटं प्रदर्शन भरवलं.

काका आणि मी पहिल्याच शनिवारी गेलो. काकांनी नवा कोट घातला होता. गॅलरीवाल्यांना पत्ता सांगून पाटी बदलायला लावायची, हा त्यांचा बेत होता. खोलीत सहा-सात चित्रं होती. मधल्या भिंतीवर आपला मार्च होता आणि त्याच्या शेजारी, फ्रान्सहून कुणाच्या घरून आणलेलं, त्याच रस्त्याचं दुसरं चित्र. तेच कुंपण, तेच झाड, तीच टेकडी. फक्त वेर्दे या वेळी थोडा वर चढून उभा राहिला होता, त्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी काय आहे ते दिसत होतं. तिथे नदी होती. चांगली रुंद, वळण घेतलेली, होड्या असलेली. हॅरोच्या आसपास असली नदी नाही, हे मलासुद्धा कळलं. कॅनव्हासच्या कोपऱ्यात वेर्देनं स्वतःच्या हातानं गावाचं नाव लिहिलं होतं. ते गाव थेम्सच्या दक्षिणेला, लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

गॅलरीतली एक तरुण मुलगी आमच्याशी बोलायला आली. काकांनी पाटीबद्दल गॅलरीला लिहिलेली पत्रं तिला माहीत होती. फार हळुवारपणे, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तशी ती बोलली. काकांनी दोनच प्रश्न विचारले.

"झाड तेच?"

"हो. तीच फांदी मोडलेली आहे, बघा."

"आणि कुंपणाची डावीकडची ही वाकडी फळी?"

"तीसुद्धा तीच."

काकांनी एक डोळा बारीक करून दोन्ही चित्रांतली फळी ताडून बघितली. मग ते तिला म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं."

हे वाक्य काकांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, तेही इंग्रजीत.

बेकर स्ट्रीटहून परतीच्या ट्रेनमध्ये आमच्या समोर एक जाहिरात होती. तिच्यात स्पेलिंगची ढळढळीत चूक होती. काकांनी ती पाहिली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"उद्या चहापार्टी आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"सांगणार तुम्ही त्यांना?"

"सांगायला नको? चुकीचा रिपोर्ट मागे घ्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "समीर, वाईट बातमी सांगायची सुरुवात कशी करतात?"

एवढी वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस!

"मला कधी सांगावी लागली नाही," ते म्हणाले. "मी लिहून वर पाठवायचो. तोंडानं सांगायचं काम दुसऱ्याचं."

आम्ही पोचलो तेव्हा बाग भरली होती. मिसेस हॉलिस नवा निळा कोट घालून खुर्चीत बसल्या होत्या. काका सरळ त्यांच्याकडे गेले. "मिसेस हॉलिस, मला तुमच्याशी जरा..."

"आधी माझं ऐका, डॉक्टर!" त्यांनी काकांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. "काल रात्री मुलाचा फोन आला. मी त्याला सांगितलं, एवढ्या लांबून एक माणूस आला, त्याला सगळं लंडन मोकळं होतं आणि तो नेमका माझ्या रूबार्बपाशी उभा राहिला. त्याला हे बघण्यासारखं वाटलं. मग मी कशाला हलू? पोरगा म्हणाला, बरं, राहा मग. राहतेय मी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा टाय त्यांना बहुतेक घट्ट होत होता, कारण ते तो सारखा ओढत होते.

तेवढ्यात जोगळेकर पुढे आले. हातात बशी, बशीत करंजी, चेहऱ्यावर कित्येक वर्षांच्या लाल पेनाचा हिशेब. मुद्दाम सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काय ऐकतोय मी? मी सकाळीच प्रदर्शन बघून आलो. वर्दे म्हणे थेम्सपलीकडचे निघाले! चित्रात चांगली नदी आहे की!"

कुणाच्या तरी तोंडातला चिवडा तेवढा वाजत होता. मिसेस हॉलिसनी काकांकडे बघितलं.

मला वाटलं, झालं, सांगायचं काम परस्पर झालं. काकांनी आता फक्त मान डोलवायची.

काका उभे राहिले. "ते चित्र मी काल बघितलं," ते म्हणाले. "गॅलरीची चूक आहे."

"आणि नदी?"

"नदी नाही ती. धुकं आहे."

"होड्या आहेत हो त्यात!"

"धुक्याचे ठिपके आहेत. जोगळेकर, तुम्ही बँकेतले. धुकं ओळखायला डोळा लागतो."

"आणि गावाचं नाव लिहिलंय ते?"

"दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असणार. अक्षर त्याचं नाही." आवाज एकदम नेहमीचा, मागच्या रांगेतून येणारा. "टेकडी हीच. जागा हीच."

"ऐकलंत?" मिसेस हॉलिस विजयी मुद्रेनं जोगळेकरांना म्हणाल्या. "डॉक्टरांनी आयुष्यभर फोटो बघितलेत. घ्या, स्कोन घ्या."

हशा पिकला, पण हसले सगळे काकांना. जोगळेकर मराठीत वळून म्हणाले, "धुक्याचे ठिपके! जीव गेला तरी चूक कबूल करायचे नाहीत हे." त्यावर आणखी हसले. कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे रे, वय झालं." काकांना कमी ऐकू येतं, पण तितकं कमी नाही. ते खुर्चीशेजारी बसून मिसेस हॉलिसना टेकडीच्या उजव्या उतारावरचा उजेड दाखवत होते. पुढचा महिनाभर मंडळात कुणी कसलीही थाप मारली की लोक म्हणायचे, "धुकं आहे, धुकं!" मीही तिथे असायचो. काकांनी गॅलरीत चूक कबूल केली होती हे मी सांगितलं असतं तर हसणं थांबलं असतं, पण काकांनी मला नजरेनंच गप्प राहायला बजावलं होतं.

त्या संध्याकाळी परतताना मात्र मला राहवलं नाही. मन भरून आलं होतं. "काका," मी म्हणालो, "आज तुम्ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट केलीत."

"बावळटासारखं बोलू नकोस."

"पण त्यांना किती वाईट वाटलं असतं..."

"तिला?" काका समोर बघत म्हणाले. "ती खमकी बाई आहे. दोन दिवस रुसली असती आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली असती, बरं झालं, त्या फ्रेंचमनची कटकट गेली. घर तरीही विकलं नसतं तिनं. तू तिला ओळखत नाहीस."

सिग्नल लाल झाला म्हणून मी गाडी थांबवली. काकांनी मफलर सोडला आणि घडी घालून मांडीवर ठेवला.

"फ्रेंचमन इथला नव्हताच असं सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर पुढच्या रविवारी मी कुठल्या निमित्तानं गेलो असतो तिच्याकडे?"

सिग्नल हिरवा झाला आणि मी गाडी पुढे काढली. ते मफलरची घडी सारखी करून बाहेर बघायला लागले.